हजेरीतले मालोजीराव

पहाटेच्या धुक्यात माझ्या आवडीच्या माणसानं माझ्याशी बोलण्याआधी माझ्या वडिलांना उत्तर दिलं, आणि तेसुद्धा मेलेल्या काकाच्या नावानं.

म्हैसुरात विजेचे दिवे लागून दोनच वर्षं झाली होती. आमच्याकडे मात्र पलटणीचा कारभार. अप्पा सिलेदारांच्या रिसाल्यात दफेदार. घरातून कुठंही निघालो की पोचल्याबरोबर हजेरी, परतताना पुन्हा हजेरी. दर संक्रांतीला आम्ही बैलगाडीनं कावेरीकाठच्या वाळवंटात जायचो, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर. वाळूत खेळायचं, कापडात तांदूळ बांधून पुरचुंडी कुंडात सोडायची, शिजला की जेवायचं, संध्याकाळी परत.

"रणोजीराव!" अप्पांनी स्वतःचं नाव पुकारलं, आणि टाचा जुळवून स्वतःच म्हणाले, "हाजिर."

मग आई, शकुंतलाबाई. मग भवानीआत्या. मग मी, भागीरथी. आणि शेवटी, "मालोजीराव!"

हे अप्पांचे थोरले भाऊ. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, याच कुंडावर घोड्याला पाणी दाखवायला म्हणून गेले. घोडा परत आला. काकांना मेलेलं कुणी पाहिलं नाही, म्हणून आजोबांनी हजेरीतलं नाव काही खोडलं नाही. त्या नावापाशी आम्ही दरवर्षी घटकाभर गप्प उभं राहतो.

त्या दिवशी गप्प राहता आलं नाही.

"हाजिर!" वाफेतून आवाज आला.

आणि वाफेतून एक तरुण बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत वाळूनं पांढरा. वय बावीस-तेवीस. अप्पांच्या हातातली पेन्सिल थांबली, मग त्यांनी निमूटपणे बरोबरची खूण केली. आत्या धावली आणि त्याचा हात धरून रडू लागली.

"अय्यो, माल्या… काही म्हातारा झाला नाहीस रे!"

"मी तो नव्हे हो," तो घाबरून म्हणाला. "माझं नाव मालोजीराव, पण आडनाव घोरपडे. नदीची मोजणी करतो. वडील सिलेदार होते, लहानपणापासून नाव ऐकलं की 'हाजिर' तोंडातून निघतंच… हा बघा नेमणुकीचा कागद."

अप्पांनी कागद वाचला. "हजेरीही कागदच आहे दादा," ते म्हणाले. "आणि ती जुनी आहे."

चाळिशीचे, मिशीवाले अप्पा त्या पोराला दादा म्हणाले. आई पदर सावरून बाजूला उभी राहिली, थोरल्या दिरासमोर राहतात तशी. मला नमस्कार करायला सांगितलं. मी वाकले… आणि वर पाहिलं, तर काकांचे डोळे फार सुंदर होते. हे वाईट झालं.

दुपारी आत्या आनंदानं भात वाढण्यात गुंतली, तेव्हा मी त्याला वाळूत गाठलं.

"पाय दाखवा."

"आधी ओळख तरी होऊ द्या."

पाय सरळ होते. पण त्याच्या मागं वाळूवर एकही ठसा नव्हता. मी एक पाऊल मागं सरले.

"ऊन वाळू आहे, खालून पाणी येतं. लगेच मिटते," तो म्हणाला. "तुमचे ठसे बघा."

माझेही नव्हते.

"म्हणजे आपण दोघंही…" तो गंभीरपणे म्हणाला. मी हसले. वाऱ्यानं त्याच्या केसांतली वाळू माझ्या वेणीतल्या मल्लिगेच्या फुलांवर सांडली, आणि ती मी झटकली नाही.

त्यानं थर्मामीटर दाखवला. "तीन दिवस मोजतोय. कुंड सगळीकडे सारखं गरम. पण त्या कोपऱ्यात पारा उतरतो. कुणी गार अंगाचा माणूस पाण्यात बसल्यासारखा."

तो कोपरा आत्याचा. काकांच्या नावाची पुरचुंडी ती दरवर्षी तिथंच सोडते. आजही सवयीनं सोडली होती, आणि भाऊच सापडल्यामुळे वर काढायला विसरून गेली होती.

"हात आणा," तो म्हणाला. काच माझ्या तळव्यावर ठेवली, वर आपला तळवा. "चार अंश जास्त."

"माझा हात?"

"नाही… माझा."

मी हात काढला. अगदी सावकाश काढला.

"आत्यानं तुमची खोली ठरवली आहे," मी म्हणाले. "संध्याकाळच्या हजेरीत पुन्हा 'हाजिर' म्हणालात की तुम्ही काका. घरी रोज नमस्कार करीन, कॉफी आणून देईन. माझ्या लग्नात अक्षता टाकाल."

"दोनदा सांगून पाहिलं त्यांना. पण हात असा धरतात, की सोडवून घेववत नाही." तो कुंडाकडे पाहत राहिला. "गप्प राहिलो तर?"

"आत्या रडेल."

"आणि हाजिर म्हणालो तर?"

"तर… दुसरं कुणीतरी रडेल."

सूर्य नदीत उतरला. वाळू राखाडी झाली. अप्पांनी कागद उघडला.

"रणोजीराव! हाजिर. शकुंतलाबाई!" "हाजिर." "भवानीबाई!" "हाजिर." "भागीरथी!"

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मालोजीराव!"

आत्यानं त्याची बाही घट्ट धरली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ मिटले. मिटूनच ठेवले. वारा पडला. बैलांनी रवंथ थांबवलं. आत्याचा चेहरा हळूहळू विझत गेला…

"हाजिर."

कोपऱ्यातल्या वाफेतून. खालच्या आवाजात, किंचित वैतागून… सकाळपासून कुणी विचारलंच नाही म्हणून.

अप्पांनी खूण केली. मग मान वर केली. आम्ही सगळे त्याच्या मिटलेल्या ओठांकडे पाहत होतो.

आत्या चालत कुंडाशी गेली, दोरी ओढली. पुरचुंडी वर आली. तिची दोन पिळांची गाठ जशीच्या तशी. आत एक शीतही नव्हतं.

"मेल्या," ती पाण्याला म्हणाली, "जेवलास तर!" आणि अठ्ठावीस वर्षांचं रडू हसत हसत पुसून ती वळली. "मग हा कोण?"

"तेच म्हणतो, अक्का," अप्पांची पेन्सिल हवेतच होती. "नाव तर तेच. एका हजेरीत दोनदा कुठं लिहायचं?"

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या वेणीतल्या वाळूकडे.

"भागीच्या नावाशेजारी लिही," ती म्हणाली. "सुम्मने, उगाच विचारतोस."

आता दर संक्रांतीला अप्पा ते नाव दोनदा पुकारतात. एक हाजिर माझ्या शेजारून येतं. दुसऱ्यासाठी आम्ही हल्ली तांदूळ जरा जास्त बांधतो.