इथं म्हणजे कुठं?

घोडा लाकडी होता, पण पळाला मात्र खऱ्या घोड्यासारखा.

त्याचं चाक तिने नुकतंच बसवलं होतं. दुरुस्त केलेलं प्रत्येक खेळणं गिऱ्हाइकाला देण्याआधी जमिनीवर चालवून बघायचं, ही त्या दुकानाची जुनी पद्धत. तिने घोड्याला बोटाने हलकेच ढकललं. चाक इतकं छान बसलं होतं, की घोडा उघड्या दारातून बाहेर पडला आणि गल्लीच्या उताराला लागला.

ती मागे धावली. उताराच्या मध्यावर एका तरुणाने बुटाच्या टोकाने घोडा अडवून धरला होता. त्याच्या दोन्ही हातांत कुंड्या होत्या. पानांआडून फक्त डोळे दिसत होते... हसरे.

"तुमचा आहे?"

"हो."

"मग धरा लवकर. मी पाय उचलला तर हा थेट बस पकडेल."

ती वाकली. घोडा उचलताना तिच्या नाकाशी ओल्या मातीचा वास आला. तो नर्सरीत काम करायचा. समोरच्या कचेरीत रोपं पोचवायला निघाला होता.

"मी रोज याच गल्लीतून जातो," तो म्हणाला. "इथे खेळणी दुरुस्त होतात, हे आजच कळलं."

तो सहज बोलला, पण तिला ते लागलं. पलीकडून नवा रस्ता झाला आणि गल्लीतली वर्दळ आटली. दुकान तिच्या बाबांचं. त्यांचे हात थरथरू लागल्यापासून सगळं काम तीच करायची, पण करायला काम होतं कुठे? उन्हाळा संपला की जागा सोडतो, असं बाबांनी मालकांना सांगून टाकलं होतं. मग तिला आत्याच्या गावी जाऊन आत्याच्याच कचेरीत चिकटायचं होतं. आत्याने तिच्यासाठी खुर्चीसुद्धा बघून ठेवली होती.

"आमची वेबसाइट आहे," ती जरा तोऱ्यात म्हणाली.

"अरे वा. कोण कोण बघतं?"

"मी." ती थांबली. "आणि बाबा."

आतून बाबांचा आवाज आला, "मला यात ओढू नकोस, बबडे. माझा चष्मा मोडलाय."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तो एक अस्वल घेऊन. किल्लीचं, पत्र्याचं, वर लोकरीचं कातडं असलेलं.

"भाचीचं का?" तिने विचारलं.

"माझंच. किल्ली दिली की ढोल वाजवायचं. आता नुसतं बघत बसतं."

"लहानपणी लाडकं असेल तुमचं."

"अजूनही आहे. हसू नका."

"मी कुठे हसतेय..." ती हसतच होती.

नर्सरीतली झाडं तो वाढवायचाच, पण गिऱ्हाइकंही तोच वाढवायचा. सोशल मीडियावर फोटो टाकायचे, तिथून लोकांना वेबसाइटवर आणायचं आणि वेबसाइटवरून नर्सरीत. हे कळल्यावर तिने धीर करून दुकानाचं सोशल मीडियावरचं पान फोनवर उघडून त्याच्यापुढे धरलं. चकचकीत खेळण्यांचे फोटो होते आणि प्रत्येकाखाली एकच ओळ – आमच्या वेबसाइटला अवश्य भेट द्या.

तो एकेक फोटो बघत गेला.

"सगळी बरी होऊन बसलीत," तो म्हणाला. "बरा झालेला माणूस बघायला दवाखान्यात कोण जातं?" मग त्याने बोटाने पडदा वर सरकवला. "आणि हे काय? बाहुलीचा हात कसा जोडायचा असं एका बाईंनी विचारलं, तर तुमचं उत्तर बाहुलीपेक्षा लांब."

"त्यांना अडलं होतं. सांगायला नको?"

"सांगा की. पण अंगणातच पोटभर वाढलंत, तर घरात कोण येणार?"

"म्हणजे अर्धं सांगायचं आणि अर्ध्यासाठी लोकांना ओढत न्यायचं? ही फसवणूक झाली."

"मी गिऱ्हाइकाला कळी दाखवतो. फूल त्याच्या घरी फुलतं. ही पण फसवणूकच?"

"तुमची कळी फुलते. इथे लोक आत आले आणि आत काही नसलंच... तर?"

"हे मात्र खरं," तो म्हणाला. असं चटकन मान्य करणारा माणूस तिला त्या दिवसापासून आवडू लागला.

दोघांच्याही प्रश्नांवर तोड सापडली ती अस्वलाचं पोट उघडताना. तिने उघड्या पोटाचा फोटो काढून त्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं – याचा ढोल का थांबला असेल? मुलांनो, ओळखा बरं. उत्तर तिने वेबसाइटवर ठेवलं, एकेका पायरीच्या फोटोसकट. आणि कुणाला घरच्या घरी करता यावं म्हणून आणखी दोन युक्त्या.

मुलांनी धमाल केली. त्याला झोप आली असेल. त्याचं कुणी ऐकत नाही म्हणून रुसलं असेल. त्याला ढोल नको, शिट्टी हवी असेल. एका मुलीने लिहिलं, चाकात त्याचेच केस अडकले असतील – आणि ते खरं होतं. दुकानात बसून ती प्रत्येकाला उत्तर लिहायची, "छान विचार केलास. आता वेबसाइटवर पोट आतून दाखवलंय, तिथे जाऊन पडताळून बघ." आणि मुलं जायची, मागोमाग त्यांचे आईबाप. पुढच्या आठवड्यात मुकी बाहुली आली, मग गोल गोलच धावणारी आगगाडी. जुनीच खेळणी, बाबांनी कपाटात जपलेली. वेबसाइटवर माणसं रांग लावून येऊ लागली.

तो दुपारी डोकवायचा. "अस्वल कसं आहे?"

"सुधारतंय. अजून थोडे दिवस ठेवावं लागेल."

"काल तर ढोल बडवत होतं," बाबा आतून म्हणायचे.

ती कानांपर्यंत लाल व्हायची. तो कुंडीतल्या पानांवरची नसलेली धूळ पुसत राहायचा.

पण उन्हाळा सरत आला, तरी दुकानात एकही नवं खेळणं आलं नाही. लोक वेबसाइटवर यायचे, बघायचे, वाहवा करायचे, जायचे. आत्याचा फोन आला. खुर्ची फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही, म्हणाली. त्या दुपारी बारीक पाऊस लागला होता. ती बाकावर हातावर हात ठेवून बसली होती.

"नाही जमलं," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत."

तो तिच्यासमोर बसला. त्याने आपल्या फोनवर तिची वेबसाइट उघडली.

"समजा, मी परगावचा. माझी आगगाडी मोडलीय. तुमचं काम मला पसंत पडलंय. आता मी काय करू?"

"गाडी इथं घेऊन या."

"इथं म्हणजे कुठं?"

"इथं..." ती उठली. त्याच्या हातातून फोन घेऊन तिने एक पान बघितलं, दुसरं बघितलं, सगळी बघितली.

पत्ता नव्हता. फोन नंबरही नव्हता. बाबांच्या गिऱ्हाइकांना दुकान पिढ्यान्‌पिढ्या माहीत, त्यांना पत्ता कशाला सांगायचा? तो लिहायचा असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि तुम्ही? एवढं शिकवत होतात, तुम्हाला दिसलं नाही?"

"मला कसं दिसेल," तो हळूच म्हणाला. "मला इथे डोळे मिटून येता येतं."

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही.

पत्ता, फोन नंबर, खेळणं कसं गुंडाळून पाठवायचं, गल्लीत कुठून वळायचं... सगळं त्याच दुपारी दोघांनी मिळून लिहिलं. आधी एक आजी आल्या, एका डोळ्याचा ससा घेऊन. मग खोक्यातून आगगाडी आली. मग एक बाप, मागे लपलेल्या लेकीसह. फळी भरली, बाक भरला, बाबा खोकी उघडण्याच्या कामाला लागले. त्यांनी मालकांना कळवलं, आम्ही राहतोय. आत्याला कळवलं, तेव्हा ती म्हणाली, "मग खुर्चीचं काय करू?"

"तूच बस ऐसपैस," बाबा म्हणाले.

अस्वल न्यायला तो आला, तेव्हा ती त्याची वाटच बघत होती. अस्वल ठणठणीत झालं होतं, वेबसाइट धावत होती. आता त्याला यायला निमित्त उरलं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"तुमचे आभार..." तिने सुरुवात केली.

"नका मानू."

"का?"

"आभार मानले की माणूस मोकळा होतो." तो हातातल्या अस्वलाकडेच बघत बोलत होता. "आणि मला... तुमच्यापासून मोकळं व्हायचं नाहीये."

बाहेर गल्लीतून कुणीतरी दुकान विचारत येत होतं. तिने ऐकलं, पण दाराकडे बघितलं नाही.

"आभार तर मानणार," ती म्हणाली. "पण एकदम सगळे नाही. रोज थोडे थोडे." ती एक पाऊल पुढे आली. "मोठं काम केलं आहेस तू... आभार मानून संपायला आयुष्य जाईल. तेवढी सवड आहे तुला?"

त्याने अस्वल बाकावर परत ठेवलं.

"आहे," तो म्हणाला.