खिरापत ओळखताना

"आपल्या वेदनेला मैत्रीण समजा…" हेडफोनमधली बाई मधाळ आवाजात म्हणाली, "तिचं स्वागत करा…"

"मैत्रीण असती तर फोन करून आली असती," हर्षदा म्हणाली.

कान झाकलेले असले की स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. ते वाक्य कतारगामच्या त्या फिजिओथेरपी केंद्रात थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळलं. शेजारच्या खाटेवर मानेला ताणाचा पट्टा बांधून एक माणूस निजला होता. तो खदकन हसला आणि लगेच कळवळला. हर्षदानं हेडफोन खाली ओढले.

"हसवू नका हो बाई, मान अडकलीय…" मग क्षणभर थांबून, छताकडे बघतच त्यानं विचारलं, "हर्षी? गोडादऱ्याची?"

त्या नावानं तिला कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. आखडलेला खांदा सांभाळत ती अख्खीच्या अख्खी त्याच्याकडे वळली. पट्ट्यात जखडलेली हनुवटी, मिटल्या ओठांत दडवलेलं हसू…

"सरलाबाईंचा भूपा?"

"भूपेंद्र. आता साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं करतो, कॉम्प्युटरवर. मान त्यातच गेली."

"माझा चेहरा न बघता ओळखलंस कसं?"

"असं बोलणारी सुरतेत दुसरी कोण आहे? लग्न?"

"पुष्कळ वाचलंय त्याविषयी. तुझं?"

"आमच्याकडे तर पुस्तकंही नव्हती."

ती हसली. खांद्यातून कळ गेली, तरीही हसली.

हर्षदा कॉलेजात इतिहास शिकवत असे. पावसाळ्याच्या तोंडी मोपेड घसरली, उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण प्लास्टरमध्ये राहून खांदा असा आखडला की फळ्यापर्यंत हात जाईना. उपचार करणाऱ्या शैलजाताई सरळ बोलणाऱ्या होत्या. "संगीतानं खांदा सुटत नाही, व्यायामानंच सुटतो," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पण दुखेल या भीतीनं तुम्ही आधीच सगळं अंग आवळून घेता. ऐकण्यात लक्ष गुंतलं तर व्यायाम सोसवेल."

हर्षदाला ते पटलं नव्हतं. प्रत्येक युगानं आपल्या पीडितांना काही ना काही विकलं आहे, हे तिनं पुरेसं वाचलं होतं. कुणी अंगारा विकला, कुणी तीर्थ, कुणी ताकदीची बाटली. या युगानं शांतताच विकायला काढली होती, आणि तीही दरमहा वर्गणीवर. सोबत नळ गळल्यासारखं पाणी आणि दमेकरी बासरी. ती ऐकत होती, पण प्रबंध तपासावा तशी. चुका सापडत होत्या. कळ मात्र जिथल्या तिथे होती.

"तू ऐकतच नाहीयेस," दुसऱ्या दिवशी भूपेंद्र म्हणाला. "भुलाबाईचा डबा कसा ऐकायचीस? तसं ऐक."

आणि गोडादऱ्याची ती चाळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. भाद्रपदाची पुनव लागली की खानदेशातून आलेल्या घरांमध्ये मातीची भुलाबाई बसायची. पार कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन गाणी म्हणायच्या, टिपऱ्या वाजवायच्या. शेवटी घरधनीण झाकण लावलेला डबा खुळखुळवून विचारायची – ओळखा, खिरापत काय? हर्षी डोळे मिटायची, मान कलती करायची, श्वाससुद्धा रोखायची. फुटाणे कोरडे वाजतात, मुरमुरे कुजबुजतात, गूळ-शेंगदाणे अडखळत येतात… एका खुळखुळण्यात ती उत्तर द्यायची. मैत्रिणी चिडायच्या. ओळखलं की खाऊ वाटला जायचा आणि खेळ तिथंच संपायचा.

मग वडिलांना बँकेत बढती मिळाली आणि घर तापीपलीकडच्या उच्चभ्रू अडाजणला गेलं. अडाजणच्या हवेला अहिराणी सोसत नाही, असा वडिलांचा समज होता. त्यामुळे ती भाषा जुन्या स्टोव्हबरोबर मागेच राहिली, आणि भुलाबाईही. प्रतिष्ठा नावाची गोष्ट माणसाकडून काय काय काढून घेते, याचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही. हर्षदालाही तो लिहायला कधी धीर झाला नव्हता.

"हे घे." भूपेंद्रनं आपला फोन पुढे केला. "जुनी सारंगी आहे. त्यातलं एकच काहीतरी धर."

ती भिंतीवरच्या लाकडी शिडीसमोर उभी राहिली. बोटं एकेक पायरी चढवत हात वर न्यायचा, हा तिचा रोजचा छळ. तिनं डोळे मिटले, मान कलती केली. सारंगीचा गज एका टोकाला जातो, तिथे निमिषभर घुटमळतो आणि परततो… ती फक्त ते परतणं ऐकू लागली. लक्ष कळेकडे धावलं की तिनं त्याला न रागावता गजाच्या टोकाशी आणून बसवावं, पुन्हा पळालं की पुन्हा आणावं. कळ गेली नव्हती. पण एवढा वेळ सगळी खोली अडवून बसलेली ती आता कोपऱ्यात सरकली होती.

डोळे उघडले तेव्हा बोटं रोजच्यापेक्षा एक पायरी वर होती.

"बघितलंस?" तो म्हणाला. तो शिडीकडे बघत नव्हता.

त्यानंतर रोज व्यायाम झाला की तो पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिच्या कानाशी वाजवू लागला.

"साखरफुटाणे."

"बरोबर."

"आज शेव. आणि सरलाबाईंनी झाकण नीट लावलेलं नाही."

"तू माणूस आहेस की एक्स-रे?" तो म्हणे, आणि डब्यातलं खाताना दोघांची बोटं उगाच एकमेकांना लागत.

एकदा तो सहज म्हणाला, "तुम्ही अडाजणला जायच्या आदल्या दिवशी डबा आमच्या घरी होता. मी त्यात चिंध्या कोंबल्या होत्या."

"का?"

"आवाज येऊ नये म्हणून. तुला ओळखता येणार नाही, तू जरा वेळ थांबशील… आणि तू पहिल्याच फटक्यात म्हणालीस, 'चिंध्यांत गुंडाळलेले शेंगदाणे.' खाल्लेस आणि गेलीस."

हर्षदानं रिकाम्या डब्याचं झाकण उगाच काढलं आणि पुन्हा लावलं.

हात मात्र रोज वर जात होता. आणि पायरीमागून पायरी गाठताना तिच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली – ज्या दुखण्यापासून सुटका हवी म्हणून ती इथे आली होती, तेच आता सुटू नये असं तिला वाटत होतं. खांदा बरा झाला की इथे येण्याला कारण उरणार नव्हतं. उपचाराविना भेटण्याचं कारण शोधावं लागणार होतं. आणि तसलं कारण उघड बोलून दाखवायची विद्या कुठल्याच ग्रंथात तिला सापडली नव्हती.

कोजागिरी झाली. दुसरा दिवस चांदनी पडव्याचा. अख्खी सुरत घारीसाठी, त्या दिवशीच्या खास, मावा भरलेल्या तुपाळ गोल मिठाईसाठी, रांगा लावून उभी. कतारगामच्या गल्लीतसुद्धा तुपाचा वास मावत नव्हता. त्या संध्याकाळी, सारंगीचा गज परतत असताना, हर्षदाचं बोट शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीला टेकलं.

"झालं!" शैलजाताई म्हणाल्या. "उद्यापासून व्यायाम घरी. आणि भूपेंद्रभाई, तुमची मान तर केव्हाच सरळ झालीय. तुम्ही येता कशाला, ते काही मी विचारत नाही." हसत त्या पलीकडच्या पेशंटकडे वळल्या.

भूपेंद्रचे कान लाल झाले. त्यानं मुकाट्यानं पिशवीतून डबा काढला. झाकणाखालून तूप पाझरून त्याच्या बोटांना लागलं होतं. त्यानं डबा हलवला. आत एक जड, मऊ, गोल वस्तू थप्प करून कडेला लागली. ती घारी आहे हे त्या दिवशी सुरतेतल्या पाळण्यातल्या पोरानंही सांगितलं असतं.

हर्षदानं डोळे मिटले, मान कलती केली.

"फुटाणे," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. त्यानं पुन्हा डबा हलवला. थप्प…

"मुरमुरे?"

"हर्षे… तुला सर्दी झालीय का?"

"नाही."

"तू तर कधीच चुकत नाहीस."

"तेव्हा घाई केली मी," ती हळूच म्हणाली. "फार घाई केली."

त्याचा हात थबकला. डबा दोघांच्या मध्ये तसाच… बाहेर कुणीतरी फटाका उडवला, पण त्याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. मग, अगदी खालच्या आवाजात, जणू जिना मोडका आहे आणि पाऊल जपून टाकायचं आहे, अशा बेतानं त्यानं विचारलं, "तुले येस का अजून अहिराणी?"

तिनं उजवा हात उचलला – सहज, न आवळता – आणि डब्याच्या झाकणावर, त्याच्या तुपकट बोटांवर ठेवला.

"डबामा काय शे, माले म्हाईत नही," ती म्हणाली. "उद्या तुन्हा घर येसू. तठेबी नही समजनं… तर परवा."

"माय तुझ्यासाठी दार लावूच देणार नाही," तो म्हणाला.

"मग वाजव ना," हर्षदा म्हणाली आणि तिनं पुन्हा डोळे मिटले.