चष्मा काढला की कमी ऐकू का येतं?

त्याचा स्क्रू ड्रायव्हर लिफ्टच्या खड्ड्यात पडला, म्हणून तो आमच्या दुकानात आला. एरवी आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं चष्म्याच्या दुकानाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"सगळ्यात बारीक असेल तो द्या," तो म्हणाला. "दहा मिनिटांत आणून देतो."

मी दिला. चष्म्याच्या काड्या आवळायचा, बोटभर लांबीचा. त्याचं टोक बघायला त्याने हात लांब केला, मग आणखी लांब केला, मान मागे घेतली... मला हसू आलं. लोकांचे डोळे तपासणं हेच माझं काम. चार वर्षं तेच करतेय.

"तुम्हाला जवळचं नीट दिसत नाही," मी म्हटलं.

"दिसतं की. हात पुरत नाही, एवढंच."

स्क्रू ड्रायव्हर परत आणताना तो एक प्रश्नही घेऊन आला. लिफ्टचं बटण पेटलेलं स्वच्छ दिसत असतं, तरी पुढचा माणूस येऊन ते पुन्हा का दाबतो? निम्मी बटणं त्यानेच खराब होतात म्हणे. मी म्हटलं, आधीच्या माणसाने नीट दाबलं असेल यावर विश्वास नसतो, म्हणून. त्याने खरंच विचार केला. "बरोबर," म्हणाला आणि गेला. दुसऱ्याचं उत्तर ऐकून घेणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहिला, कारण आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा नंबर माझ्यापेक्षा जास्त कळत असतो.

दुकान माझ्या मामाचं. त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि त्याला आता अंग काढून घ्यायचं होतं. दुकान माझ्या हाती द्यायचं, की त्याच्या एका दोस्ताला भागीदार म्हणून आणून बसवायचं, हे काही त्याचं ठरेना. दोस्त या धंद्यात वीस वर्षं मुरलेला. शेवटी मामाने काउंटरवर स्टीलचा एक ट्रे आणून ठेवला. मी तपासून दिलेला चष्मा 'नीट दिसत नाही' म्हणून परत आला, की तो त्या ट्रेमध्ये. सहा महिन्यांत तीन परत आले, की दोस्त येणार आणि मी त्याच्या हाताखाली. मला ते दुकान हवं होतं. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन अक्षरांचे तक्ते पुसायचे, तेव्हापासून हवं होतं. पाच महिने ट्रे रिकामा होता आणि मी मनातल्या मनात पाटीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात लिफ्टवाला डोळे तपासायला आला. तपासणी दोनदा करतात. आधी अंधाऱ्या खोलीत, डोळ्यावर बारीक उजेड फिरवून. बाहुलीत तो उजेड कसा सरकतो त्यावरून नंबर कळतो, माणसाला काही विचारावं लागत नाही. मग भिंगं बदलत त्यालाच विचारायचं, हे बरं की ते बरं. दोन्ही जुळली पाहिजेत आणि जुळली नाहीत तर कारण शोधायचं, ही मामाची पहिली शिकवण.

उजेड फिरवताना समोरच्याचा चेहरा वीतभर अंतरावर असतो. मी दिवसाला पंधरा-वीस जणांच्या डोळ्यांत बघते आणि मला काही म्हणजे काही होत नाही. त्या दिवशी मात्र मी श्वास रोखून धरला होता, आणि ते मला उजेड विझवल्यावर कळलं.

"एक विचारू?" तो अंधारातच म्हणाला. "डोळ्यात थेंब घालताना माणूस तोंड का उघडतो?"

मी दिवा लावला आणि सांगितलं की चार वर्षं बघतेय, सगळेच उघडतात, का ते देव जाणे. मग त्याचे प्रश्न सुरूच झाले. झोपेतून उठवलेला माणूस फोनवर 'छे, जागाच होतो' असं का सांगतो? रिमोटचा सेल संपत आला हे माहीत असूनही आपण बटण जोरात का दाबतो? पाच मिनिटांपूर्वी रिकामा पाहिलेला फ्रीज पुन्हा उघडून बघतो, तो कोणत्या आशेवर? बाहेर तीन माणसं ताटकळत होती. मामाने दारावर टकटक केली. त्या दिवसापासून मामा त्याला 'प्रश्नपत्रिका' म्हणायला लागला.

चष्मा तयार झाला, तो घेऊन गेला, आणि आठवड्याने परत आला. "धूसर दिसतं," म्हणाला. मामाने चष्मा ट्रेमध्ये ठेवला.

मी पुन्हा तपासलं. उजेडाने सांगितलेला नंबर तोच होता, तसूभरही हललेला नव्हता. भिंगांना मात्र तो भलतीच उत्तरं देत होता. दोन्ही जुळत नव्हती आणि कारण शोधायला मला लांब जायची गरज नव्हती, ते माझ्यासमोर खुर्चीत बसून कान लाल करून घेत होतं. मी तिथेच सांगायला हवं होतं, की तुमचा पहिला चष्मा बरोबर आहे, घाला आणि जा. शब्द ओठांवर आलेसुद्धा.

"चष्मा काढला की कमी ऐकू का येतं?" त्याने विचारलं. "थट्टा नाही. चष्मा काढून ठेवला, की समोरचा माणूस लांबून बोलतोय असं वाटतं."

"आपण ओठही बघत असतो," मी म्हटलं. "नकळत."

  मग मी त्याने सांगितला तोच, चुकीचा नंबर कागदावर लिहिला आणि पुढच्या गुरुवारी या म्हटलं. हा चष्मा परत येणार हे मला ठाऊक होतं. तो परत आणायला कोण येणार, हेही.

आला. गुरुवारी नेलेला चष्मा पुढच्याच गुरुवारी परत आणला, आणि ट्रेमध्ये दोन झाले. मामाने स्वतःच्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, आणखी एक, की मी दोस्ताला फोन लावतो.  चार वर्षं डोळ्यांत तेल घालून केलेलं काम मी दोन गुरुवारांसाठी पणाला लावलं होतं.

तिसऱ्यांदा मी त्याच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवली आणि तिच्यात दोन्हीकडे साधी काच घातली. नंबर शून्य, खिडकीला असते तशी.

"आता?"

"आता अगदी झकास," तो म्हणाला. "हाच नंबर हवा होता."

मी फ्रेम काढून घेतली आणि ती साधी काच आहे हे सांगितलं. मग ट्रेबद्दल सांगितलं, दोस्ताबद्दल, राहिलेल्या एका चष्म्याबद्दल. आवाज चढू दिला नाही. त्याच्यावर राग होता, त्याहून जास्त माझ्यावर होता, आणि तो दुसरा राग मी त्याला दिसू दिला नाही.

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. तो उठला आणि निघून गेला.

दोन दिवस मी काम केलं. दार वाजलं की मान वर व्हायची, ती मी मुद्दाम खाली ठेवायला शिकले. मामी डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, जेवत नाहीस, कोणाशी भांडलीस का? मी म्हटलं, लिफ्टशी.

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तो माणसांतून वाट काढत थेट मामाच्या टेबलाशी गेला.

"ते दोन चष्मे ट्रेमधून काढा," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून नंबर बरोबर होता. मी खोटं बोललो. तुमच्या भाचीची काहीच चूक नाही."

"खोटं कशासाठी?" मामाने विचारलं. पाच-सहा गिऱ्हाइकं हातातल्या फ्रेमा विसरून बघत होती.

"पहिल्याच दिवशी सगळं स्वच्छ दिसलं असतं, तर पुन्हा कोणत्या तोंडाने आलो असतो?"

कोणीतरी हसलं. मामाने ट्रे जवळ ओढला आणि दोन्ही चष्मे उचलले. मी गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. दुकान माझं होतं, दोष त्याने आपणहून अंगावर घेतला होता, आणि हे सगळं किती सोपं होतं ते मला त्या क्षणी लख्ख कळत होतं.

"एकच काढ, मामा," मी म्हटलं. "दुसरा माझा आहे. तो खोटं बोलतोय हे मला दुसऱ्याच वेळी कळलं होतं. तरी मी चुकीचा नंबर दिला."

"का?"

"तो परत यावा म्हणून."

  मामाने एक चष्मा लिफ्टवाल्याच्या हातात दिला, आणि दुसरा पुन्हा ट्रेमध्ये ठेवला.

"एकच झाला," तो म्हणाला. "अट तीनची होती. पण असा दुसरा दिलास, तर तिसऱ्याची वाट बघणार नाही." आणि गिऱ्हाइकांकडे वळून त्याने कोणाचा नंबर आहे ते विचारलं.

मी लिफ्टवाल्याबरोबर जिन्यापर्यंत गेले. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, पहिला, बरोबर नंबरचा. माझ्याकडे बघत त्याने तो नाकावर दोनदा सारखा केला.

"काय झालं?"

"तुमच्या हनुवटीवर तीळ आहे," तो म्हणाला. "महिनाभर समोर बसत होतो... आणि मला दिसलाच नव्हता."

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. इतकी माणसं रांगेत उभी असताना लांबण लावण्यात काही अर्थ नव्हता. "सातला दुकान बंद होतं."

"मी पावणेसातला इथेच असेन," तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला. खालच्या वळणावर त्याने एकदा वर पाहिलं. मी आत गेले आणि रांगेतल्या पहिल्या आजोबांना खुर्चीत बसवलं.