सामाईक विहीर

“ओ भाऊ, ढिली काहून सोडली? ताणून धरा ना!”

अर्चना ओरडली, तशी मोजणीच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाने मुकाट्याने साखळी ताणली. पटवाऱ्याचा माणूस असेल, तिला वाटलं. माप झाल्यावर तो कपाशीतून वाट काढत जवळ आला. बाहीवर कापसाचा पुंजका तसाच.

“मी पटवाऱ्याचा नाही जी. हिरामणचा कुणाल. तुमच्या बाजूचा हिस्सा आमचाच.”

“मंग बोलले काहून नाही?”

“तुम्ही बोलून राहिल्या होत्या ना... ऐकावं वाटलं.”

आकडा लिहायला ती वहीवर वाकली, ती गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या त्या शिवारात सतरा भूमिहीन बौद्ध घरांना आजोबांच्या काळी चौतीस एकर मिळालेले. सहकारी संस्था करून सगळे मिळून कसायचे. आता संस्था मोडली. प्रत्येकी दोन एकर. मापात सगळे सारखे. पण चिठ्ठ्या टाकल्या, आणि शिवारातली एकमेव विहीर कुणालच्या हिश्शात गेली. अर्चनाला आली कोरडी जमीन. माती तिने स्वतः तपासली होती, संत्रा तिथे उत्तम आला असता. दोनशे कलमं सांगूनही ठेवली होती. प्रश्न फक्त पाण्याचा होता.

“पाणी घ्या ना,” कुणाल बांधावरून म्हणाला. दुसऱ्या दिवशीही. नागपूरची नोकरी सोडून तो शेतीसाठी परतला होता, आणि रोज त्याला नेमकं तिच्याच बांधावर काम निघत होतं.

“उद्या तुमचं मन बदललं तर? मर्जीच्या पाण्यावर मी बाग नाही लावत.”

“मंग... लग्नच करू ना. विहीर घरचीच होते.”

तो तिला आवडत होता, हे तिला केव्हाच कळलं होतं.

“पाण्यासाठी सून होऊ? अन् बाकीच्या पंधरा घरांचं काय? सगळ्यांशीच सोयरीक करता का?”

तो हसला नाही. महिनाभर बांधावर फिरकलाही नाही. अर्चना रोज तिकडे बघायची, आणि बघितलं म्हणून स्वतःवरच चिडायची.

मग एका दुपारी तो आला, तहसीलचा कागद घेऊन. विहीर आणि तिच्यापर्यंतची वाट, दोन्ही सतरा घरांची सामाईक. पक्की नोंद.

“बाबांनी सही केली. पण बोलून नाही राहिले माझ्याशी.”

तिने कागद दोनदा वाचला. सतरा नावांत तिचंही होतं.

“आता तुमाले द्यायले माझ्याजवळ काहीच नाही उरलं,” तो म्हणाला.

“मंग आता विचारा.”

“काय?”

“तेच. आता माझं तुमच्यावाचून काही अडून नाही राहिलं.”

तो बांध ओलांडून तिच्या बाजूला आला.

“अर्चना... लग्न करशील?”

“हो,” ती म्हणाली — इतक्या पटकन, की त्याचा विश्वासच बसेना. त्याने पुन्हा विचारलं. या वेळी तिने आधी त्याचा हात धरला.