गाणाऱ्या गोऱ्यांची कॅसेट

कॅसेट घातली की संजनाला आधी शेवटच दिसायचा.

व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवावी, दिवा मालवावा, आणि पडद्यावर काय? झगमगत्या जिन्यावर घोळदार झग्यातली नायिका, तिच्या कमरेला हात घातलेला काळ्या कोटातला नायक, मागे ढीगभर माणसं एका तालात पाय उडवतायत... आणि लगेच 'द एंड'. मग बसायचं कॅसेट उलटी फिरवत.

"कोण मेला हा तुझ्याआधी नेणारा?" आई शेंगा सोलत म्हणायची. "जेवून ताट तसंच टाकून उठणाऱ्यांतला दिसतोय. आईनं वळण लावलं नसेल."

संजनाच्या आईला, सुजाताबाईंना, हे पिक्चरच मुळात पटत नसत. चांगली बोलत असलेली माणसं मध्येच गायला काय लागतात, टेबलावर काय चढतात, आणि पोलीससुद्धा त्यांना धरायचं सोडून नाचत सुटतो! पण उठून कधी गेल्या नाहीत. शेवटपर्यंत बघायच्या आणि मग नावं ठेवायच्या.

संजनाचं मात्र त्या जुन्या हॉलिवूडच्या पिक्चरांवर खुळ्यासारखं प्रेम. जन्म अबुधाबीचा, नोकरी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, दिवसभर 'येस सर, नो मॅडम'. त्या पिक्चरांत कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. मनात आलं, ओठांवर गाणं आलं, समोरच्याला कळलं. खलास! तिला स्वतःला एक वाक्य पुरं करायला तीन भाषा लागत. सुरुवात इंग्रजीत, मध्य हिंदीत, शेवट अरबीत. मराठी फक्त आईने डोळे वटारले की.

त्या गुरुवारी संध्याकाळी ती भांडायलाच खाली उतरली. हमदान रस्त्याच्या मागच्या गल्लीत, त्यांच्याच बिल्डिंगखाली, बिलकीस आपांचं व्हिडिओचं दुकान होतं. सत्त्याण्णव साल. लोक नव्या हिंदी पिक्चरसाठी रांग लावत, आणि गाणाऱ्या गोऱ्यांचा कोपरा धूळ खात पडलेला असे.

"आपा, ये कॅसेट मेरे से पहले कौन ले जाता है? रिवाइंड करने को हाथ दुखता है क्या उसका?"

आपा मूळच्या हैदराबादच्या. पान चघळत हसल्या. "पीछे देख लो ना जी. खुद पूछ लो."

मागे एक सावळा, उंच पोरगा उभा होता. शर्टाला इस्त्री अशी की घडीने बोट कापेल. त्याने डोक्यावर नसलेली टोपी उचलली, कमरेत वाकला आणि म्हणाला, "गुड इव्हिनिंग, माय डिअर मिस. आय बेग युअर पार्डन."

संजना बघतच राहिली. असं इंग्रजी आता बोलतं कोण? पण त्या इंग्रजीला हेल होता तो थेट कोकणातला.

"तुम्ही... मराठी?"

"धनंजय साळवी. गुहागर," तो एकदम सरळ झाला. "सॉरी हां. साहेब म्हणाला इंग्लिश सुधार, म्हणून पिक्चर नेतो. आपांनी हेच दिले. बाकीच्यांत म्हणाल्या नुसत्या शिव्या आणि बंदुका."

"आणि साहेब काय म्हणतो?"

"परवा त्यांना म्हटलं, 'सर्टनली, ओल्ड चॅप.' पाणी पीत होते. सगळं नाकातून आलं."

भांडायला आलेली संजना हसू दाबता दाबता लाल झाली. "मग रिवाइंड का नाही करत?"

त्याचा चेहरा पडला. "नाही हो करवत. किती खटाटोप करून दोघं एकत्र येतात... आणि मी बटण दाबायचं? उलटं चालत जातो बघा तो, तिच्यापासून लांब लांब. जीव तुटतो."

या एका वाक्याने काम झालं. माणसाने असं काही बोलू नये, बोललं की समोरच्याची झोप जाते.

मग दर गुरुवारी संजना केस धुऊन कॅसेट बदलायला उतरू लागली. तो शहराबाहेरच्या मुसफ्फाहून यायचा, तिथे कामगारांच्या कॅम्पात राहायचा, इलेक्ट्रिशियन होता. दुकानाबाहेर दोघं पिक्चरवर बोलत उभे राहत. वरच्या खिडक्यांतल्या एसीचं पाणी टपटपत असे, गल्लीतला पाऊस तेवढाच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"मला एक कळत नाही," तो एकदा म्हणाला. "आमच्या गावात गोऱ्यांविषयी काय काय ऐकलं होतं. पण किती सभ्य माणसं गं! गातात, नाचतात, फार तर हात धरतात. तोंडाजवळ तोंड आलं की लगेच दुसऱ्या दिवशीची सकाळ."

संजनाने ओढणी तोंडावर धरली. "अरे, ते... इकडे कापतात ते."

"काय कापतात?"

"ते... जे असतं ना... मधलं."

धनंजयने हातातली कॅसेट उलटसुलट करून पाहिली. मग त्याच्या कानाच्या पाळ्या तांबूस झाल्या. "म्हणजे... प्रत्येक वेळी होतं?"

"ऑलमोस्ट," ती म्हणाली आणि जिन्याकडे पळाली.

हसण्याचे दिवस असे, पण हसताना लक्ष सारखं रस्त्याकडे. मराठी मंडळातल्या हेमाकाकूंची पांढरी गाडी दिसली की संजना पटकन दुकानात शिरे. बाबा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, पंधरा पंधरा दिवस तिकडेच. त्यांच्या माघारी पोरगी कॅम्पातल्या पोराशी गल्लीत बोलताना दिसली, हे आईला बाहेरून कळलं तर? आणि आपणच सांगायचं तर सांगायचं काय? त्याने अजून विचारलंच नव्हतं. पिक्चरमधला नायक पहिल्या अर्ध्या तासात गुडघ्यावर बसतो. हा पाच महिने नुसता टपकणारं पाणी चुकवत उभा.

आणि मग एका गुरुवारी तो आला तो शर्टाला इस्त्री न करता.

"रुवैसला टाकलं मला," तो म्हणाला. "रिफायनरीत. उद्या दुपारी बस आहे."

"उद्या?" रुवैस म्हणजे वाळवंटात पार पश्चिमेला, जाऊन यायला अख्खा दिवस मोडायचा. "बट... उद्या कसं?"

"ऐक ना, संजना. मी... बसच्या आधी, सकाळी, तुझ्या घरी येऊ का? काकूंशी बोलतो. सरळ विचारतो. तू हो म्हण, म्हणजे..."

कर्कश हॉर्न वाजला. हेमाकाकूंची गाडी! काकू पिशव्या सांभाळत उतरतच होत्या.

एवढी वाट पाहिलेला प्रश्न, आणि उत्तराला श्वासभरही वेळ नाही. "खलास!" संजना कुजबुजली. "खलास, धनंजय... खलास!" आणि मागे न बघता जिन्यात शिरली. वळताना त्याचा चेहरा ओझरता दिसला. पांढराफटक. घाबरलाय बिचारा, तिला वाटलं, उद्या आईसमोर यायचंय म्हणून.

त्या रात्री तिने आईला सांगितलं. अर्धं इंग्रजीत, पाऊण रडत.

"कॅसेटवाला ना?" आई म्हणाली. "दर गुरुवारी केस धुतेस, मला काय डोळे नाहीत? येऊ दे. बघते कसा आहे ते. आवडला नाही तर चहा पाजून वाटेला लावीन."

सकाळी मात्र ओल्या नारळाच्या करंज्यांचा वास घरभर सुटला. आई पातळ नेसून बसली. संजनाने तीनदा कानातले बदलले. लिफ्टचं दार वाजलं की ती उठून उभी राहायची, आणि पावलं शेजारच्या दारात जाऊन थांबायची. चहाचं आधण दोनदा आटलं. बाहेर रस्ते रिकामे झाले, जुम्म्याची अजान झाली... तो आला नाही.

"विसरला असेल," आई म्हणाली. हे वाईट लक्षण होतं. आई रागावली की ओरडते, आणि अपमान झाला की हळू बोलते. "माझ्या दाराशी येतो म्हणून न येणारा माणूस. बरं झालं, लवकर कळलं."

नमाज सुटून दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला तशी संजना चपला न घालता खाली धावली.

बिलकीस आपांनी तिला पाहिलं आणि काउंटरवरची कॅसेट पुढे सरकवली. "कल रात कू देके गया. देखो तो सही, आज पहली बार रिवाइंड करके दिया उने."

संजनाने कॅसेट उचलली. "क्या बोला?"

"क्या बोलता? आँखां लाल थे. बोला, आपा, मैं पूछा, वो मुँह पे बोल दी, खलास. अब रुवैस जाके बैठता हूँ."

"पण मी... आपा, खलास म्हणजे... डन! पक्का! ठरलं!"

आपांनी कपाळाला हात लावला. "बच्ची, तेरे घर में खलास माने ठर गया. उन लोगां के कॅम्प में फोरमन जिसको खलास बोलता, वो शाम में बॅग बाँध के गाँव जाता."

संजना जिने चढून वर आली तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. आईने दोन वाक्यांतच सगळं ओळखलं, पण हातातलं फडकं काही खाली ठेवलं नाही.

"मग? आम्ही मुलीकडची माणसं. आम्ही बसमागे धावायचं?"

"मम्मी, प्लीज. ही थिंक्स आय..."

"मराठीत."

"त्याला वाटतं मी... नको म्हणाले." तिने आईचा पदर धरला. "तो जाईल आणि त्याला तेच वाटत राहील. आई, मला नाही सहन होणार गं."

आईने फडकं ओट्यावर आपटलं. "जन्मभर कानीकपाळी ओरडले, घरात तरी धड भाषा बोल! चार भाषांची खिचडी, आणि वेळेला एक शब्द कामाला येत नाही. माझी पर्स कुठंय?"

मुसफ्फाला नेणारा टॅक्सीवाला पठाण होता. "यल्ला भाई, जल्दी," संजना म्हणत होती, आणि प्रत्येक सिग्नल नेमका लाल. आई मांडीवर पिशवी धरून ताठ बसली होती. शहर संपलं, गोदामं आली, वाळू आली. संजनाला वाटलं, पिक्चर असता तर नायिका आता टपावर चढून गायली असती. तिला तर साधं एक वाक्य जुळवता येत नव्हतं. बस गेली असली तर? आणि असली तरी... त्या सगळ्या पुरुषांसमोर ती बोलणार काय?

बस होती. इंजिन सुरू होतं, टपावर बॅगा चढत होत्या. कॅम्पात बाईमाणूस कधी येत नसे. आईचं हिरवं पातळ टॅक्सीतून उतरलं तसे सगळे बोलायचे थांबले.

"धनंजय साळवी कोण रे तुमच्यात?" आईचा आवाज थेट मागच्या सीटपर्यंत गेला.

तो उतरला. आधी संजना दिसली, मग तिची आई. भीतीने त्याच्या तोंडून जे यायचं तेच आलं. "गुड आफ्टरनून, मॅडम. व्हॉट अ डिलाइटफुल सरप्राइज."

"मराठीत बोल," आई म्हणाली. मग संजनाकडे वळली. "आणि तूसुद्धा."

खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. जनरेटर घरघरत होता, डिझेलचा वास येत होता. संजनाने डोळे मिटले, उघडले. कुठलंच गाणं मदतीला आलं नाही.

"काल मी... तुला होकार दिली."

"दिला," आईने मागून दुरुस्त केलं.

"होकार दिला! खलास म्हणजे ठरलं, येड्या. आमच्याकडे तसंच म्हणतात. तू घरी ये. आईला विचार, बाबांना विचार. मला तू हवास." आवाज फुटला. "मला तूच हवास... आणि आता मला कळेल असं काहीतरी बोल, नाहीतर मी इथेच मरेन."

धनंजयचे हात लोंबकळतच राहिले. टोपी नाही, वाकणं नाही. "मी रात्रभर झोपलो नाही गं," तो एवढंच म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसले.

बसमधून कुणीतरी शिट्टी मारली. आईने वळून नुसतं पाहिलं. शिट्टी तिथेच विरली.

"काकू, मी परवानगी..."

"रस्त्यात विचारतोस? माझ्या मुलीला? काही रीत?" आईने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण घट्ट बसलंय ना ते पाहिलं आणि त्याच्या हातात दिला. "करंज्या आहेत. सकाळी कुणी खाल्ल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी डबा परत आणून द्यायचा. आणि रिकामा डबा परत करायचा नसतो, हे घरी शिकवलंय ना?"

"हो काकू. पण... त्यात घालू काय?"

"तुझ्या आईला फोन कर आणि विचार. मुलीच्या घरी पहिल्यांदा जाताना काय न्यायचं ते तिला ठाऊक असेल."

त्याला समजायला क्षणभर लागला. संजनाला त्याहून थोडा जास्त. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. धनंजय चढला, खिडकीशी बसला. बस वळली, वाळू उडाली. संजनाने हात हलवला, हलवतच राहिली, भीती अजून पुरती गेली नव्हती. त्याला मात्र हात हलवता आला नाही. डबा त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. त्याने मान हलवली, लहान मुलासारखी, पुन्हा पुन्हा, वळणापर्यंत.