टाकीतलं पावणं

शांभवी कॉलेजातून घरी आली तेव्हा दिवाणखान्यात आप्पांच्या माशांच्या टाकीखालून दोन पाय बाहेर आले होते. लांब, सावळे पाय. एका तळव्याला डांबर लागलेलं.

"ओ पावणं," ती म्हणाली, "टाकी अंगावर आली तर खाऱ्या पाण्यात आंघोळ हुईल की!"

पाय दचकले. आत डोकं आपटल्याचा आवाज झाला, मग "आई गं!", आणि मग एक चेहरा बाहेर आला. केसांत जळमट, गालावर धूळ, आणि डोळे... शांभवीनं पर्स उगाचच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

हा शिवशरण. शाहूपुरीत त्याचं रंगीत माशांचं दुकान होतं. साधे मासे आप्पांना पुरले नाहीत; टीव्हीवर प्रवाळ बघितलं आणि घरात समुद्रच पाहिजे म्हणून ते हटून बसले. मग मिठाचं पाणी झालं, मासे आले, मुंबईहून जिवंत दगड आला. जिवंत म्हणजे भोकाभोकांत बारीक जीव घेऊन आलेला. आणि त्या दगडातून आणखी कुणीतरी आलं, न बोलावता. ते दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. टक्! काचेवर कुणी गोटी मारावी तसा.

"काच तडकतीया," आप्पांनी निकाल दिला. "दसरा झाला की निपाणीचं पावणं येणार, हिला बघायला. त्यांच्या म्होरं टाकी फुटली म्हंजे?"

"काच चांगली हाय, आप्पा," शिवशरण छातीठोकपणे म्हणाला. "दगडात खेकडा बसलाय. सापळा लावतो, दोन दिवसांत धरतो बघा."

सापळा म्हणजे प्लास्टिकची बाटली, तोंड कापून उलटं बसवलेली. दोन दिवस गेले, आठवडा गेला. शिवशरण रोज संध्याकाळी यायचा, बाटली वर काढायचा, रिकामी बघून मान हलवायचा, आणि शांभवीच्या आईच्या, रत्नव्वांच्या हातचा चहा घेऊन जायचा. चहा नेऊन द्यायचं काम शांभवीचं. ते तिच्याकडे कुणी दिलं नव्हतं...

"आज तरी घावलं का?"

"न्हाय. लई हुशार हाय."

"का धरणाराच कच्चा हाय?"

"धरणारा घाई करत न्हाय," तो बशीत बघत म्हणाला, आणि चहानं तोंड पोळलं.

ती आत जाऊन एकटीच हसली. पण हसू फार टिकलं नाही. दसरा होऊन गेला होता. रविवारी निपाणीचे लोक येणार होते आणि हा माणूस अजून बाटलीच बघत होता. बोलायला पाहिजे त्यानं... कधी बोलणार?

शनिवारी तो आला आणि वीज गेली. टाकीचा पंप थांबला, पाणी निवांत झालं. खिडकीतून संध्याकाळचं तांबूस ऊन तिरकं आत उतरलं होतं. दोघं काचेपाशी उकिडवी बसली, आणि दगडाच्या पायथ्याची वाळू हलली.

एक कोळंबी बाहेर आली. बोटाएवढी, अंगावर केशरी पट्टे, आणि एक नांगी अशी दांडगी की दुसऱ्याच कुणाची मागून आणल्यासारखी. त्या नांगीनं वाळू ढकलत ती बिळाच्या तोंडाशी आली. तिथं एक पिवळा मासा पहाऱ्याला उभा होता. शिवशरणच्या दुकानातून आणलेला बारका मासा, दिसेनासा झाल्यावर मेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला! कोळंबीनं आपली लांब मिशी त्याच्या शेपटीवर टेकवली होती. ती काढतच नव्हती.

"खेकडा न्हवं," शिवशरण कुजबुजला. "चुकलं माझं."

"असं का धरून ऱ्हायलंय?"

"कोळंबीला धड दिसत न्हाय. बीळ तिनं खणायचं, राखण माशानं करायची. शेपूट हलली की पळायचं. वाचलं होतं मी... खरं वाटलं नव्हतं."

नांगी मिटली. टक्!

शांभवीचे डोळे भरून आले. कुठला समुद्र, कुठला दगड... अंधाऱ्या खोक्यात, ट्रकमधून, सगळा घाट चढून हे पावणं इथं आलं. आणि या परक्या पाण्यात, दिसत नसताना, आपल्यासाठी बघणारा एकच मासा त्यानं शोधून काढला. शिवशरणचा श्वास काचेवर उमटत होता आणि तिचाही.

वीज आली, आणि पाठोपाठ आप्पा.

"घावलं न्हवं? काढ आता भाईर. रंकाळ्याच्या तळ्यात सोड."

"गोड्या पाण्यात मरंल, आप्पा."

"मग कुठंबी ने. उद्या पावणं यायच्या आत." आप्पा चपला काढायला बाहेरच्या सोप्यात गेले.

"धरू नका त्याला," शांभवी घाईनं म्हणाली. "मीच रोज दगडापाशी खाण्याच्या गोळ्या टाकतो. पोट भरलेलं असलं की सापळ्यात कशाला जाईल?"

शिवशरण तिच्याकडे बघतच राहिला. मग हळू म्हणाला, "सापळ्यात मीबी काय खायला घालत नव्हतो."

"आँ? का?"

"धरलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं आलो असतो?"

तिच्या कानापर्यंत रक्त चढलं. "मग आता बोला की! उद्या रविवार हाय."

आप्पा परत आले तेव्हा शिवशरण उभा होता, हात पाठीमागे.

"आप्पा, त्ये जाणार न्हाय. काच फुटली तर जबाबदारी माझी. आणि... निपाणीच्यांना येऊ नका म्हणून सांगा."

"काय म्हणालास?"

"जयसिंगपूरहून माझे आई-वडील येतील. बघायला न्हवं. बघून झालंय. मागायला."

आप्पांनी लेकीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली नाही.

"मला निपाणीला जायचं न्हाय, आप्पा. ह्यांच्याकडं जायचंय."

आप्पा खुर्चीत बसले. टाकीकडे एकदा बघून घेतलं. मग घसा खाकरून आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं रत्नव्वा, निपाणीच्यांचा फोन नंबर बघ जरा!"

"फोन लावलाय मी आधीच," आतून आवाज आला. "घंटा वाजतीया. या, बोला तुमी."