अकरा सतराचा अहवाल

‘कंपनीने आपले पाचही जुने सर्व्हर कायमचे बंद केले असून त्यांच्यामुळे होणारे कार्बन उत्सर्जन शून्यावर आणले आहे.’

कंपनीच्या हरित अहवालातील हे पहिले वाक्य. शुद्धलेखन निर्दोष, कागद पुनर्वापराचा, भाषा आत्मविश्वासाने तुडुंब. अडचण एकच होती: इमारतीच्या मीटरला हे वाक्य मान्य नव्हते. सर्व्हर पाच गेले, विजेचा वापर मात्र चार गेल्याइतकाच उतरला. मीटरला खोटे बोलणे शिकवता येत नाही. तेव्हा रीतीप्रमाणे मीटर वाचणाऱ्या माणसावर ठपका ठेवण्यात आला.

“तीन वाजता अहवालाचे तपासनीस येणार,” मालकीणबाई म्हणाल्या. “हरित अधिकारी म्हणतात, वायरमन आकडे चुकीचे लिहितो. त्याला कामावरून काढल्याचं पत्र तयार आहे. पण एकवीस वर्षं आहे हो तो इथे! सही करायला हात धजेना, म्हणून तुम्हाला बोलावलं.”

समोर शालीत गुरफटून बसल्या होत्या खाजगी गुप्तहेर वहिनी. शेजारी वही सरसावून त्यांचे दीर. त्यांना सारे जग भावोजीच म्हणे. कार्बन म्हटले की भावोजींना पावतीपुस्तकातला निळा कागद आठवे, आणि आज सकाळपासून तो फारच आठवत होता.

वहिनींनी अहवाल उलटा केला. “हा तुमच्या हाती कधी आला?”

“सोमवारी. अकराच्या ठोक्याला. बैठक सुरू होत होती.”

“तळाशी छापल्याची वेळ आहे अकरा सतरा.”

“म्हणजे बाईंचं घड्याळ मागे पडलंय,” भावोजींनी छडा लावला. वहिनींनी त्यांच्याकडे फक्त पाहिले. भावोजींनी ते वाक्य वहीत खोडले.

वायरमन कानटोपी घालून आला आणि उभाच राहिला.

“ताई, जास्तीची वीज रात्री तेवढीच, दुपारी तेवढीच, सुट्टीच्या दिवशीही तेवढीच. मी चुकीचं लिहीन तर कधी कमी लिहीन, कधी जास्त. रोज एकसारखं चुकायला माणूस फार हुशार लागतो.”

“जुने सर्व्हर भंगाराच्या गाडीत तूच चढवलेस?”

“पाची. सीलबंद खोकी होती. पहिल्या चारांनी कंबरडं मोडलं. पाचवं मात्र एका हातानं उचललं!” त्याने दंड दाखवला. “तोवर अंगात जोर आला होता.”

“बघा, व्यायामाचा परिणाम,” भावोजी कौतुकाने म्हणाले.

पुढची पाळी संगणक विभागाच्या बाईंची. स्वेटरवर स्वेटर, वर नाराजी.

“पाचवा म्हणजे आमचा म्हातारा. गुणी होता, पण घड्याळ कायम पुढे पळायचं. त्याच्यावर वेळ बघून लोक पाव तास आधीच डबे उघडायचे. कार्बन मोजायचा प्रोग्रॅम त्याच्यावरच चालायचा. लिहिणारा गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेला.”

“मग तो प्रोग्रॅम नव्या यंत्रावर कुणी हलवला?”

“हरित अधिकाऱ्यांनी. एकट्यांनी! मी मदतीला गेले तर म्हणाले, ‘तुम्ही त्रास घेऊ नका.’ खोकीसुद्धा त्यांनीच सील केली.”

हरित अधिकारी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बसले होते. टेबलावरच्या स्पीकरमधून धबधबा कोसळत होता. पाठीमागच्या लाकडी कपाटावर ‘पृथ्वी वाचवा’ असे भलेमोठे चित्र चिकटवले होते.

“निसर्गाचा सहवास,” ते धबधब्यावरून ओरडले. “काम चांगलं होतं!”

“हिटर दिसत नाही कुठे?”

“तत्त्वाने वापरत नाही!”

भावोजींना हा माणूस फार आवडला. खोलीही आवडली. त्यांनी मफलर सोडला, कोटाची बटणे सोडली, आणि वहिनींनी कोपर मारले नसते तर तिथेच डुलकीही काढली असती.

अडीच वाजता वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत जमवले. मालकीणबाईंच्या हातात ते पत्र होते. वायरमनची नजर त्या पत्रावरून हलत नव्हती.

“भावोजी, या कचेरीत रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही इमानाने कामावर कोण असतं?”

“कुणीच नाही, वहिनी.”

“बरोबर. म्हणजे वीज खाणारा माणूस नव्हे. यंत्र. आता अहवाल पाहा. अकराला हाती पडलेल्या कागदावर अकरा सतरा छापलं जातं, तेव्हा तो कागद अशा यंत्रातून निघालेला असतो ज्याचं घड्याळ पाव तासाहून थोडं पुढे आहे.”

“म्हातारा!” संगणकवाल्या बाई किंचाळल्या. “पण तो तर त्याआधीच भंगारात गेला!”

“खोकं गेलं. एका हातानं उचललं जाणारं, रिकामं. वायरमन, तुझ्या दंडाबद्दल वाईट वाटतं.”

वायरमनने दंडावरून फिरणारा हात हळूच खाली घेतला.

“आणि सगळी कचेरी लोकरीत गुंडाळलेली असताना, हिटर नसलेल्या एकाच खोलीत माणूस अर्ध्या बाह्यांत बसतो आणि माझे दीर पेंगतात. ही ऊब तत्त्वांची नसते. भावोजी, तेवढा धबधबा बंद करा.”

भावोजींनी बटण दाबले. पाणी थांबले. शांततेत ‘पृथ्वी वाचवा’च्या मागून एक जाड, समाधानी घरघर ऐकू येऊ लागली. वहिनींनी कपाट उघडले. आत हिरवे दिवे लुकलुकवत म्हातारा बसला होता.

“प्रोग्रॅम यांना हलवता आला नाही,” वहिनी म्हणाल्या, “आणि तसं कबूल करायची लाज वाटली. म्हणून सर्व्हर बंद केल्याची ग्वाही देणारा अहवाल त्याच सर्व्हरवर तयार झाला. स्वतःच्या मृत्यूचा दाखला त्याने स्वतः छापला. आणि ही लाज झाकायला एकवीस वर्षांची नोकरी बळी जाणार होती.”

मालकीणबाईंनी पत्राचे चार तुकडे केले. वायरमनने कानटोपी काढून तोंड पुसले; बराच वेळ पुसत राहिला.

“तपासनीसांना खरं सांगू,” मालकीणबाई म्हणाल्या. “भावोजी, यांचा जबाब घ्या. शब्दही बदलू नका.”

हरित अधिकाऱ्यांनी एकदा कपाटाकडे पाहिले, एकदा वायरमनकडे, आणि खाली मान घालून जे सांगितले ते भावोजींनी जसेच्या तसे उतरवले:

“होय, तो चालूच होता. मी तीनदा बटणापर्यंत हात नेला. पण तो बंद केला असता, तर तो बंद केल्यानं किती कार्बन वाचला, हे मला मोजून कुणी दिलं असतं?”